वीस फ्लॅट

४ नोव्हेंबर

चि. ठमे,

आशीर्वाद आहेतच, ते कुठे पळून जात नाहीत. आधी तक्रार ऐक.

माझ्या दुर्बिणीसाठी तू सुचवलेला कॅमेरा आला. खोका उघडला, त्यातला खोका उघडला, त्यातला स्पंज काढला, आणि हातात काय आलं? साखरेची डबी! लाल, गोल, मुठीत मावणारी. बघायला खिडकी नाही, दाबायला बटण नाही, गळ्यात अडकवायला पट्टा नाही. एका अंगाला काच आणि दुसऱ्या अंगाला वायरी खुपसायची भोकं. मी ती चारी बाजूंनी फिरवून पाहिली, कानाशी धरून हलवूनही पाहिली. आत काही वाजलं नाही. चौतीस वर्षं दवाखान्यात एक्स-रे काढले आहेत मी. फोटो कसा काढतात हे मला कुणी शिकवायला नको, पण फोटो काढायला निदान एक बटण लागतं की नाही? दुकानदाराने तुझ्या तोंडाला पानं पुसली आहेत, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

फोन करू नकोस. फोन कानाला लावला की कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि तू तर अशी बोलतेस की तुझा शेवटचा शब्द पहिल्याला मागून येऊन धडकतो. लिहून कळव. मुद्देसूद, मोठ्या अक्षरात. तू दिवसभर लोकांचे डोळे तपासतेस, सर्वात खालची ओळ वाचायला लावतेस, पण तुझं स्वतःचं अक्षर त्या खालच्या ओळीपेक्षा बारीक असतं.

आणि काकूला यातलं काही बोलू नकोस. पार्सल बघून तिने विचारलं, "काय मागवलंत?" मी म्हटलं, "दुर्बिणीचं झाकण." "एवढ्या मोठ्या खोक्यात?" म्हटलं, "मजबूत झाकण आहे." आधीच घरात त्या एका विषयावरून धुसफूस आहे, तुला ठाऊकच आहे. नऊ वर्षं तिचा एकच धोशा: खाली कुठेतरी फ्लॅट बघा, तळमजल्याचा बघा, लिफ्टचा बघा, माझे गुडघे गेले. आणि नऊ वर्षं माझं एकच उत्तर: गच्ची कुठे मिळेल? तिसऱ्या मजल्यावर आपण आणि डोक्यावर थेट आकाश. हे टाकून कुठल्या खुराड्यात जायचं? ती म्हणते, आकाश काय चाटायचंय? मग मी गच्चीवर जातो. तिला वर चढता येत नाही, त्यामुळे वाद तिथेच मिटतो.

तुझा,
काका


१० नोव्हेंबर

तीर्थरूप काका,

लांबूनच नमस्कार. वाकले असं समजा.

पान पहिलं. (हे पान गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला चिकटवा. अक्षर मोठं काढलं आहे, आता बोलायचं नाही.)

तुमची डबी ठीक आहे. तो नुसता डोळा आहे, डोकं नाही. डोकं म्हणजे लॅपटॉप. दुर्बिणीला जिथे आपण डोळा लावतो, तिथली भिंगाची नळी काढा आणि तिथे ही डबी बसवा. एक वायर लॅपटॉपला, एक विजेला. बटण, खिडकी, सगळं लॅपटॉपच्या पडद्यावर मिळेल. विजेची वायर कशाला? तर डबीच्या आत छोटा फ्रीज आहे. डोळा थंड असला की त्याला खोटे ठिपके दिसत नाहीत. उणे दहावर ठेवा.

फोटो पहिल्यांदा काळाकुट्ट दिसेल. घाबरू नका आणि काही पुसू नका! आत सगळं असतं, नंतर उजळवून बाहेर काढायचं असतं. एक मोठा फोटो काढण्याऐवजी तीस-तीस सेकंदांचे पन्नास-साठ काढायचे आणि एकावर एक रचायचे.

मग दुर्बिणीला झाकण लावून तितक्याच वेळाचे वीस फोटो काढा. हो, झाकण लावूनच. त्यात फक्त कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष येतात, ते खऱ्या फोटोतून वजा करता येतात.

आणि शेवटचं. काचेवर धूळ असते, तिची सावली प्रत्येक फोटोत पडते. ती घालवायला दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून कोऱ्या उजेडाचे फोटो काढायचे. ह्या कोऱ्या फोटोंना आम्ही लोक "फ्लॅट" म्हणतो. त्याबद्दल ह्या पानावर मावणार नाही, म्हणून वेगळं पान जोडते.

पान दुसरं.

तर काका, फ्लॅट घ्यायचेच. यात टाळाटाळ चालणार नाही. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. "आत्ता राहू दे, पुढे बघू" म्हणाल आणि मग पस्तावाल. मी स्वतः पहिलं वर्ष फ्लॅटशिवाय काढलं आणि अक्षरशः रडले. फ्लॅट नसला की बाकीच्या सगळ्या कष्टांवर पाणी.

स्वच्छ पांढरा हवा. उजेड सगळीकडून सारखा हवा, कोपऱ्यांत अंधार नको. आणि एकावर भागवू नका, निदान वीस घ्या. काकूला त्रास द्यायची गरज नाही, तिला कळायच्या आत सगळं उरकता येईल.

तुमची,
ठमी


१८ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

माझं पत्र बघून चकित झाली असशील. मी पत्र लिहिते तेव्हा घरात कुणीतरी आजारी तरी असतं नाहीतर लग्न तरी ठरलेलं असतं. यातलं काही नाही. पण गोष्ट तेवढीच मोठी आहे.

तू ह्यांना पाठवलेलं पत्र मी वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मलाही कळतं. पण पहिलं पान घेऊन हे गच्चीवर गेले आणि दुसरं टेबलावर, माझ्याच चष्म्याखाली राहिलं. आता चष्मा उचलायचा की नाही?

मला सगळं कळलं गं. फ्लॅटचं. जास्त उघड लिहीत नाही, हे पत्र टाकायला मला शेजारणीच्या हाती द्यावं लागतं आणि तिला वाफेवर पाकीट उघडता येतं. इतकंच सांगते की मी ते पान तीनदा वाचलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले, म्हणजे यांना ऐकू जाऊ नये. तसंही जात नाही म्हणा. नऊ वर्षं मी भिंतीशी बोलते आहे असं वाटत होतं. आणि हा माणूस माझ्यामागे एवढं करतो आहे, तेही मला कळायच्या आत! तोंडाने एक गोड शब्द काढणार नाही, पण मन आहे हो याला.

ते पान मी माझ्या उशीखाली ठेवलं आहे. ह्यांनी घरभर शोधलं. मी विचारलं, "काय हरवलं?" तर म्हणतात, "काही नाही, झाकणाची पावती." लबाड!

मी काही विचारणार नाही. त्यांना मला चकित करायचंय ना, करू देत. मी आपली गुपचूप माझ्या परीने तयारीला लागते. जुन्या कपड्यांपासून सुरुवात केली आहे. एकच शंका आहे: पांढराच हवा का? किंचित पिवळसर चालणार नाही? मला आपला तो बरा वाटतो, डोळ्यांना.

तुझी,
काकू


२० नोव्हेंबर

(पोस्टकार्ड)

ठमे, दुसरं पान गहाळ. बहुधा वाऱ्याने उडालं. पहिल्यावर काम सुरू केलं आहे. ते "फ्लॅट" काय म्हणतेस ते विशेष महत्त्वाचं नसावं असं गृहीत धरतो. काका.


२६ नोव्हेंबर

प्रिय काकू,

तुझं पत्र वाचून मी दुकानातच ओरडले. खुर्चीवर एक आजोबा डोळे तपासायला बसले होते, ते दचकून म्हणाले, "चुकीचं अक्षर वाचलं का मी?"

काकू, तू! तुला यात रस आहे हे इतकी वर्षं कुणालाच कसं माहीत नव्हतं? काकांना वाटतं तू वैतागलेली आहेस. त्यांचं कार्ड आलं, दुसरं पान हरवलं म्हणून. ते तुझ्याकडे आहे म्हणजे आता मला काळजी नाही. फ्लॅटच्या बाबतीत त्यांच्यापेक्षा माझा तुझ्यावर जास्त भरवसा आहे. ते म्हणतात विशेष महत्त्वाचं नसावं. ऐकून घेऊ नकोस!

पिवळसर चालेल, पण डाग नको आणि सुरकुती नको. वेळ म्हणशील तर सूर्य मावळल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं. तेव्हाच्या उजेडात फ्लॅट कसा आहे ते खरं कळतं. आणि एक नियम काकांच्या डोक्यात घाल, कारण पुरुष माणसं हे हमखास विसरतात: दिशा बदलली की फ्लॅट बदलावा लागतो. जुनाच चालवून घेऊ म्हणणार असतील तर सरळ नाही म्हण.

जुने कपडे काढलेस ते उत्तम केलंस. मी स्वतः जुनी पांढरी चादर वापरते.

तुझी लाडकी,
ठमी


४ डिसेंबर

चि. ठमे,

दोन बातम्या आहेत. एक जगाला हादरवणारी आणि एक मला.

पहिली. तुझ्या सांगण्याप्रमाणे झाकण लावून वीस फोटो काढले. खालच्या मजल्यावरचा वकील पाण्याची टाकी बघायला वर आला होता. तो मला म्हणाला, "काका, झाकण राहिलंय." मी म्हटलं, "मुद्दामच लावलंय, अंधाराचे फोटो काढतोय." तेव्हापासून तो जिन्यात भेटला की फार हळू आवाजात, फार सांभाळून बोलतो.

मग खरे फोटो. सवयीने प्रत्येक फोटोच्या आधी मी दुर्बिणीला "श्वास रोखा, हलू नका" म्हणत होतो. फोटो काळे आले ते तू सांगितलंच होतंस. ते उजळवले, आणि मग मला राहवेना म्हणून उलटे केले, म्हणजे काळ्याचं पांढरं. शेवटी आयुष्य एक्स-रे बघण्यात गेलं आहे, मला दोष पांढऱ्यावर पटकन दिसतो. आणि काय सांगू तुला! वरच्या उजव्या कोपऱ्यात एक कडं. गोल, रेखीव, मधे पोकळ. चाळीसच्या चाळीस फोटोंत. पुस्तकात शोधलं, नकाशात शोधलं, कुठेही नोंद नाही. ठमे, तुझ्या म्हाताऱ्या काकाने आकाशातली एक नवी वस्तू शोधली आहे. कुणाला कळवायचं असतं ते बघ. नाव मी ठरवलं आहे, काकूचं द्यायचं. तेवढ्याने तरी तिचा राग जाईल.

आता दुसरी.

तुझी काकू घरातल्या वस्तू वाटून टाकते आहे. आधी जुने कपडे गेले, मी म्हटलं ठीक. मग मोठं कपाट गेलं, धुणंवालीच्या मुलीला दिलं. मग जेवणाचं टेबल. मी विचारलं तर म्हणाली, "काय सगळं बरोबर न्यायचं आहे का?" दिवसभर गुणगुणते. माझ्याशी इतकं गोड बोलते की तोंडचं पाणी पळतं. परवा माझा हात हातात घेऊन म्हणाली, "मी तुम्हाला फार बोलले, मनात ठेवू नका." चाळीस वर्षांत असं कधी म्हणाली नव्हती. काल संध्याकाळी सूर्य मावळल्यावर खिडकीत उभी राहून म्हणते, "दिशा बदलायची वेळ आली आता."

मी दवाखान्यात आयुष्य काढलं आहे. रिपोर्ट हातात घेऊन बाहेर पडणारी माणसं मी पाहिली आहेत. काही रडतात, काही भांडतात, आणि काही घरी जाऊन अशीच शांतपणे निरवानिरव करायला लागतात. डॉक्टरने तिला काही सांगितलं आहे आणि ती माझ्यापासून लपवते आहे. तुझं पत्र तिला आलेलं मी पाहिलं. तुला माहीत असेल तर मला सांग. जे असेल ते सांग. मला तिच्याशिवाय चहाचं भांडं कुठे असतं तेही माहीत नाही गं.

काका


१० डिसेंबर

ती. काका,

आधी एक दीर्घ श्वास घ्या. रोखू नका, सोडा.

काकूला काहीही झालेलं नाही. ती ठणठणीत आहे. ती घर बदलते आहे.

तुमचं पत्र वाचलं, मग तिचं पुन्हा वाचलं, मग मी तिला काय लिहिलं ते आठवलं, आणि मग मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून डोकं धरून बसले. काका, दुसरं पान वाऱ्याने उडालेलं नाही. ते काकूच्या उशीखाली आहे. पहिल्या पानावर फ्लॅट म्हणजे कोरे फोटो असं लिहिलं होतं, ते पान तुम्ही टाकीला चिकटवलंत. दुसऱ्यावर नुसतं लिहिलं होतं: काका, फ्लॅट घ्यायचेच, टाळाटाळ नको, स्वच्छ, पांढरा, उजेडाचा, निदान वीस, आणि काकूला कळायच्या आत. आता तुम्हीच सांगा, नऊ वर्षं जी बाई फ्लॅट, फ्लॅट करते आहे, तिने यातून काय अर्थ काढावा? वीसचं तिने स्वतःच काहीतरी समजून घेतलं असेल.

आणि मी मूर्ख, तिने "फ्लॅटचं कळलं" लिहिल्यावर मला वाटलं ती तुमच्या फोटोंसाठी चादरी धुते आहे! मी तिला वर उत्तेजन दिलं. दिशा बदलली की फ्लॅट बदलावा लागतो, हे माझंच वाक्य. मी ते कॅमेरा फिरवण्याबद्दल लिहिलं होतं.

तिला गुपचूप तयारी करायची होती, ते गुपित मी आत्ता फोडते आहे. पण तिला तुम्ही सांगायला हवं, मी नाही. लवकर सांगा, काका. आता घरात फक्त पलंग उरला असेल.

जाता जाता: तुमचं कडं ही नवी वस्तू नाही. तो धुळीचा कण आहे. दुर्बीण पूर्वेला वळवा, पश्चिमेला वळवा, ते त्याच कोपऱ्यात राहील. फ्लॅट घेतले असते तर गेलं असतं. काकूचं नाव त्याला देऊ नका, एवढी विनंती.

ठमी


१९ डिसेंबर

चि. ठमे,

तुझं पत्र वाचून मी आधी खूप हसलो. जीव भांड्यात पडला की माणूस असाच हसतो. मग लक्षात आलं की आता हे तिला सांगायचं आहे, आणि हसू जागच्या जागी थांबलं.

खरं सांगू, मी भित्रेपणा केला. म्हटलं, आधी तिला खूश करू, मग सांगू. तुझं ऐकून पांढरी चादर ताणली, वीस फ्लॅट घेतले, कडं गेलं. मृग नक्षत्र आता संध्याकाळी लवकर वर येतं, त्यातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखालचा तो अंधुक ढग, तेजोमेघ, धरला. साठ फोटो रचले. लांब वायर आणून गच्चीवरून खिडकीतून आत सोडली आणि लॅपटॉप हिच्या पलंगाशी आणून ठेवला. हिला बसवलं. म्हटलं, "श्वास रोखा, हलू नका," आणि फोटो उजळवला.

गुलाबी, निळा, मधे पांढरा झगझगीत. ठमे, मी स्वतः बघतच राहिलो. तीही बघत राहिली. म्हणाली, "हे आपल्या डोक्यावर असतं रोज?" मी म्हटलं, "रोज." मग मी छाती फुगवून म्हटलं, "हे झाकण नाही, कॅमेरा आहे. आता बघ, तुला गच्चीवर चढायला नको. सगळं आकाश इथे पलंगावर येतं. आता घर बदलायचं कारणच उरलं नाही."

ती म्हणाली, "अहो, मला चढायचं कधी होतं? मला उतरायचं आहे."

मी म्हटलं, "म्हणजे?" म्हणाली, "मी शेवटची खाली कधी गेले, आठवतंय?" मला आठवेना. तिला आठवत होतं. एप्रिलमध्ये. गुडघ्याचा एक्स-रे काढायला, खुर्चीत बसवून, दोन माणसांनी उचलून. येतानाही तसंच. त्यानंतर आठ महिने ती या तीन खोल्यांत आहे. भाजी दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर येते. मैत्रिणी आधी यायच्या, मग त्यांचेही गुडघे गेले. आणि मी रोज तिच्या समोरून उड्या मारत वर जात होतो, आकाश बघायला.

चौतीस वर्षांत मी किती हजार गुडघ्यांचे फोटो काढले असतील याचा हिशेब नाही. प्रत्येकाला विचारायचो, चढताना दुखतं की उतरताना? घरातल्या बाईला एकदाही विचारलं नाही. मला माझीच इतकी लाज वाटली की मी चष्मा पुसायला लागलो, आणि चष्मा स्वच्छच होता.

मग फ्लॅटचंही सांगितलं. कसं पान हरवलं, कसे कोरे फोटो म्हणजे फ्लॅट. तिने उशीखालून ते पान काढलं, पुन्हा वाचलं. "म्हणजे वीस फ्लॅट हे चादरीचे फोटो होते?" मी मान हलवली. "मला वाटलं ठमीला वीस बघायला सांगायचे होते. मुलगी मराठीत कच्ची आहे म्हणून 'बघा'ऐवजी 'घ्या' लिहिलं." आणि हसायला लागली. इतकी हसली की पलंग हलला, मीही हसलो, आणि मग माझ्या लक्षात आलं की माझं हसणं चालू आहे आणि तिच्या हसण्याचं कधीचंच रडणं झालं आहे. मी तिला असं रडताना लग्नानंतर दुसऱ्यांदा पाहिलं. म्हणाली, "महिनाभर मी किती सुखात होते हो. रोज मनातल्या मनात त्या घरात फिरायचे."

सकाळी उठून मी जागा शोधायला बाहेर पडलो. आजवर नऊ जागा बघितल्या आहेत. सूर्य मावळल्यावर जातो, कोपऱ्यांत अंधार आहे का बघतो. दलाल मला खुळा समजतो. वीस बघायच्या आहेत, तू लिहून दिलं आहेस.

गच्ची कुठल्याच जागेला नाही. ते मी आता विचारत नाही.

तुझा,
काका


३ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

आम्ही राहायला आलो. तळमजला, दोन खोल्या, पुढे चार पावलांचं अंगण. पिवळसर रंग, मी निवडला. चौदावा बघितलेला आहे. वीस झाले नाहीत म्हणून हे हट्टाला पेटले होते, मी म्हटलं, बाकीचे सहा चादरीवर काढा.

कपाट आणि टेबल गेलं ते गेलं. दिलेलं परत मागायला तोंड लागतं. जमिनीवर बसून जेवता येत नाही मला, म्हणून ह्यांनी कॅमेऱ्याच्या खोक्यांचं टेबल केलं आहे. डगमगतं. आमटी सांडते, पण चालतं.

ह्यांचं विचारशील तर, अंगणातून छपरांच्या मधून आकाशाची एक पट्टी दिसते, साडीच्या काठाएवढी. आणि समोर रस्त्याचा दिवा, थेट दुर्बिणीच्या डोळ्यात. पहिल्या दिवशी हे त्या दिव्याकडे असे बघत उभे होते की मला वाटलं आता दगड मारतात. मला वाईट वाटलं गं. म्हटलं, "तुमचं आकाश गेलं." तर म्हणाले, "गेलं नाही, फिरतं ते. पट्टीत एकेक तारा आपोआप येतो. आधी मी त्यांच्यामागे धावायचो, आता ओपीडीसारखं बसायचं, नंबर लागला की ज्याचा त्याचा फोटो." दिव्यासाठी मोठी काळी छत्री बांधली आहे. शेजारची माणसं कोरड्या हवेत उघडी छत्री बघून जातात आणि काही विचारत नाहीत. तुझ्याकडे दिव्याचा उजेड गाळणारी एक काच असते म्हणतात, ती पाठव, आणि पत्र एकाच पानावर लिही.

माझं सांगते. परवा मी एकटी खाली गेले. खाली म्हणायची सवय जात नाही, बाहेर गेले. एक पायरी. काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत. रस्त्यावर किती आवाज असतो, मी विसरलेच होते. एका माणसाचा धक्का लागला, तर मला इतका आनंद झाला की तोच ओशाळला.

कोपऱ्यावर आपला जुना भाजीवाला, मी स्वतः बाजारात जायचे तेव्हाचा. त्याने गाडी आता इकडे आणली आहे. मला बघून हातातला तराजू तसाच धरून राहिला. म्हणाला, "बाई, कुठे होतात इतके महिने?"

मी म्हटलं, "वर होते."

बिचाऱ्याने आधी माझ्या पायांकडे पाहिलं, उलटे तर नाहीत ना. म्हटलं, "सरळच आहेत रे बाबा. दुखतात, पण सरळ आहेत. अर्धा किलो टोमॅटो दे, आणि टोपलीत नको, माझ्या हातात दे."

तुझी,
काकू